धूर परत येतो म्हणून पाइप रुंद करू नका

गोव्यात पावसाळा तोंडावर आला की न्हाणीतल्या चुलीबद्दलचा एक सल्ला मोबाइलवरून फिरू लागतो. धूर घरात परत येत असेल तर पाइप दुप्पट रुंद घाला, पाऊस शिरू नये म्हणून टोपी अगदी खाली बसवा, वारा अडवायला दारे-खिडक्या लावून घ्या, काजळी झडायला विस्तवात मूठभर मीठ टाका. वर एक दिलासाही असतो: पावसात थोडा धूर येणारच, ओली हवा जड असते. यातला एकही मुद्दा टिकत नाही. खिडक्यांचा तर जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी तोच.

चिमणीतून जेवढा धूर बाहेर जातो तेवढी हवा घरात यावी लागते. खोली बंद असेल तर ती हवा चिमणीतूनच उलटी येते आणि धूर घेऊन येते. शेजारी स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर हे हमखास घडते. तपासणी सोपी आहे: पंखा बंद करा, वाऱ्याच्या बाजूची खिडकी चार बोटे उघडा. धूर थांबला तर दोष चिमणीत नाही. विरुद्ध बाजूची खिडकी उघडू नका, ती घरातली हवा बाहेर खेचते. बंद न्हाणीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखू लागले, मळमळले की आधी बाहेर पडा.

आता पाइप. धूर वर जातो तो गरम, म्हणजे हलका असतो म्हणून. बाहेर 30 अंश आणि पाइपात सरासरी 150 अंश असताना दर मीटर उंचीमागे सुमारे 3.2 पास्कल (दाबाचे एकक) ओढ मिळते. 4 मीटरच्या पाइपाला 13. बाहेर शून्य अंश असते तर हीच ओढ मीटरमागे साडेचार झाली असती, म्हणून थंड प्रदेशातली मापे इथे जशीच्या तशी लावू नयेत. पाइप 4 इंचांचा 8 केला की आतले क्षेत्रफळ चौपट होते, तेवढ्याच धुराचा वेग पावपट होतो आणि तो वाटेतच निवतो. 150 चे 80 अंश झाले की ओढ निम्मी. पैसे खर्चायचेच असतील तर काटकोनी बेंड काढून 45 अंशांचे दोन बसवा, आडवा तुकडा असेलच तर मीटरला किमान 2 सेंटिमीटर चढ द्या, आणि पेटत्या चुलीवर प्रत्येक सांध्याजवळ उदबत्ती धरा. उदबत्तीचा धूर आत ओढला गेला की तिथून थंड हवा शिरते आहे. जुना सिमेंटचा पाइप मात्र कापू नका, त्यात फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस असू शकते.

टोपी आणि पाइपाचे तोंड यांत व्यासाच्या निम्मे तरी अंतर हवे: 4 इंची पाइपाला 2 इंच. जाळी बारीक नको, काजळीने बुजते. पाइपाचे तोंड छपरातून बाहेर पडते तिथून किमान 3 फूट वर आणि 10 फुटांतल्या कोणत्याही कौलांपेक्षा 2 फूट उंच असावे. ताशी 18 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब 14-15 पास्कल भरतो, म्हणजे चिमणीच्या सगळ्या ओढीएवढा. तोंड कौलांच्या आडोशाला राहिले तर समुद्रावरून येणारा वारा धूर सरळ खाली ढकलतो.

राहिली ओली हवा. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. पावसात खरा त्रास देते ते ओले लाकूड: 30 टक्के ओल असेल तर किलोमागे 300 ग्रॅम पाणी आधी उकळून घालवावे लागते, आणि ती उष्णता धुराला मिळत नाही. भिजून गार पडलेली विटांची चिमणीही सुरुवातीला उलटी वाहते. पेटवण्याआधी चिमणीच्या तळाशी वाळक्या चुडताची (माडाच्या झावळीची) मूठ एक-दोन मिनिटे जाळा, मग करवंट्यांवर विस्तव धरवा. सोडणे (नारळाच्या शेंड्या) पूर्ण वाळलेली नसतील तर नुसती धुमसतात, ती विस्तव रसरसल्यावरच घाला.

मिठाने काजळी निघत नाही, पत्रा मात्र गंजतो. काजळीला पाइपाच्या मापाचा तारेचा ब्रशच लागतो: चूल गार असताना, टोपी काढून, वरून खाली. एकदा मे महिन्यात, एकदा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) साफसफाईत.