तहानलेल्या लॉनला युरिया पाजू नका

मार्च लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता येतो. यंदा तो तिघांनी टाकला, त्यातल्या एका काकांनी वर 'अत्यंत उपयुक्त' असंही लिहिलं. खाली सही 'एक कृषितज्ज्ञ'. मजकूर थोडक्यात असा: उन्हाळ्यात लॉन पिवळी पडली म्हणजे नत्र (नायट्रोजन) कमी पडलं. युरिया दिला की मुळं खोल जातात आणि पाणी निम्म्यावर येतं. दर १००० चौरस फुटांना ५ किलो युरिया पंधरा दिवसांनी संध्याकाळी फेकायचा आणि सकाळी पाणी मारायचं. पाणी रोज दोन वेळा, दहा-दहा मिनिटं. गवत तळापासून कापायचं, म्हणजे ते पाणी कमी पितं. आणि इतकं करूनही पिवळंच राहिलं तर ते मेलं समजून उपटायचं आणि नवीन लॉन अंथरायची.

मी शेतकी कॉलेजात शिकले आणि आता पुण्यातल्या आमच्या सोसायटीची बाग बघते. बाग आमचे माळीकाका बघतात, मी त्यांच्या मागेमागे फिरते, असं म्हणणं जास्त खरं. या मेसेजमध्ये एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्यांनी लॉन जाते, पाणी जातं आणि पैसेही जातात.

'पिवळी म्हणजे नत्र कमी.' पिवळेपणाची कारणं चार-पाच असतात आणि ती उभ्याने ओळखू येत नाहीत, वाकावं लागतं. नत्र खरंच कमी असेल तर आधी खालची, जुनी पानं फिकट होतात, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून कोवळ्या पानाला देतं. कोवळं पानच पिवळं आणि त्याच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर संशय लोहाचा. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण ते मुळांना मिळत नाही. तिथे युरियाचं पोतं रिकामं केलं तरी लोहाची उणीव भरून निघणार नाही. हिराकशीची (फेरस सल्फेटची) हलकी फवारणी करावी लागते.

आणि पाण्याचा ताण असेल तर गवत लगेच पिवळं होतच नाही. आधी त्याच्यावर निळसर, राखाडी झाक येते. पान उभं मिटून सुईसारखं होतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास लॉनवरून दहा पावलं चाला आणि मागे वळून बघा. गवतात पाणी असेल तर ते उठून उभं राहतं, नसेल तर तुमच्या चपलेचे ठसे तसेच राहतात. या परीक्षेला पैसा लागत नाही, पण ती फॉरवर्ड करता येत नाही ही तिची अडचण.

जास्त नत्राने काय होतं हे बघायला प्रयोगशाळाही नको. सोसायटीतली कुत्री जिथे रोज पाय वर करतात तिथे बघा: मधे करपलेला गोल आणि त्याभोवती गडद हिरवं कडं. मूत्रातलं नत्र कडेला बेताचं पडलं तिथे हिरवं झालं, मधे जास्त पडलं तिथे जळालं. मेसेजवाले तज्ज्ञ आपल्याला तो मधला गोल लॉनभर करायला सांगताहेत.

'युरियाने मुळं खोल जातात, पाणी निम्मं लागतं.' हे सगळ्यात जास्त पटणारं वाक्य, आणि नेमकं उलटं.

गवत उन्हात साखर तयार करतं. त्यातली काही पानांसाठी खर्च होते, काही मुळांकडे जाते, उरलेली जमिनीखालच्या कांड्यांत साठते. ती साठवण म्हणजे दुष्काळातली मोडायची एफडी. आता वरून भरपूर नत्र आलं की त्याची प्रथिनं करायला झाडाला हीच साखर लागते. नवी पानं भराभर फुटतात, मुळांच्या वाट्याला कमी येतं आणि साठवण रिती होते. वर पानांचं क्षेत्र वाढलं म्हणजे बाष्प होऊन उडणारं पाणीही वाढलं. शिवाय ती पानं लुसलुशीत, पातळ, लवकर कोमेजणारी. थोडक्यात, खाणारी तोंडं वाढवली आणि कोठार रिकामं केलं. पंधरा दिवस लॉन पोपटी-हिरवी दिसते, लोक फोटो टाकतात. मेच्या मध्यावर टँकर एक दिवस चुकला की तीच लॉन आधी झोपते.

तरी अर्धं खरं वाक्य ते हेच. उपाशी गवतही दुष्काळात टिकत नाही. वर्षानुवर्षं काहीच न मिळालेली लॉन विरळ होते, मधली माती उघडी पडते, पाऊस आल्यावर भरून यायला तिला महिने लागतात. म्हणजे नत्र हवंच, पण बेताचं आणि गवत पाण्यात असताना. उन्हाळा तोंडावर आला की खरं काम पालाशचं, म्हणजे पोटॅशचं. पानांवरची रंध्रं उघडण्या-मिटण्याचा कारभार पालाशवर चालतो. पण पोटॅशने लॉन एका आठवड्यात हिरवीगार होत नाही, म्हणून त्याचे मेसेज फिरत नाहीत.

'१००० चौरस फुटांना ५ किलो.' इथे मी कागद-पेन्सिल घेतली. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ५ किलोत २.३ किलो. १००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. प्रत्येक चौरस मीटरला एका वेळी जवळपास २५ ग्रॅम नत्र. लॉनला एका वेळी विरघळणाऱ्या खतातून साधारण ५ ग्रॅमच्या वर देत नाहीत, म्हणजे १००० चौरस फुटांना किलोभर युरिया आणि तोही वरची मर्यादा म्हणून. घरगुती हरळीच्या (दूर्वांच्या) लॉनला वर्षभरात १० ते २० ग्रॅम पुरतं. मेसेजप्रमाणे मार्च ते मे सहा वेळा टाकलं तर हेक्टरी हिशोब जवळपास दीड हजार किलो नत्राचा होतो. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलोची आहे, आणि ऊस त्यावर दीड वर्ष काढतो! आपल्या क्लबहाउसपुढच्या तुकड्यातून आपल्याला साखर पाडायची नाहीये.

वेळही चुकीची सांगितली आहे. युरिया ओल्या जागी पडला की मातीतलं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचा अमोनिया करतं. लॉनच्या तळाशी वाळक्या पानांचा जो थर साचतो त्यात हे विकर भरपूर असतं. जमीन विम्लधर्मी, रात्र गरम, वर थोडा दमटपणा, आणि युरियाचे दाणे त्या थरावर रात्रभर पडून: म्हणजे अमोनिया हवेत जायला सगळी सोय आपणच केली. टाकल्याबरोबर पाणी देऊन तो मातीत उतरवायचा असतो. 'पण आता नीम कोटेड येतो ना?' असं मला विचारलं गेलं. येतो, २०१५ पासून सगळाच तसा येतो. पण कडुनिंबाचा लेप अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवतो. वर पडलेल्या दाण्यातून अमोनिया उडायचा तो उडतोच. आणि जाता जाता, स्वस्तातली ती ४५ किलोची गोणी अनुदानाची आहे आणि शेतीसाठी आहे.

ज्या सोसायट्या एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं, पाणी बागेला देतात त्यांनी आणखी एक हिशोब करावा. त्या पाण्यात नत्र आधीच असतं. समजा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे आणि उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ४ लिटर पाणी जातं. शंभर दिवसांत ४ ग्रॅम नत्र नुसत्या नळीतून पडलं, खताचा जवळजवळ एक पूर्ण हप्ता, तोही थोडा थोडा करून, म्हणजे आपण देऊ त्यापेक्षा चांगल्या पद्धतीने. आपल्या पाण्यात नक्की किती आहे ते एसटीपीच्या तपासणी अहवालात बघता येतं. तो अहवाल सोसायटीच्या फायलीत असतो, उघडला जात नाही इतकंच.

'रोज दोन वेळा दहा मिनिटं.' एकदा लॉनवर पाच-सहा स्टीलच्या वाट्या ठेवून स्प्रिंकलर दहा मिनिटं चालवा. आमच्याकडे काही वाट्यांचा तळ जेमतेम झाकला आणि भिंतीकडच्या एका वाटीत बोटभर पाणी होतं. म्हणजे त्या कोपऱ्याचा हिरवा रंग युरियाचा नव्हता, वाकड्या नोझलचा होता. वरचा इंचभर थर रोज ओला केला की मुळं त्याच इंचात राहतात आणि ते पाणी दुपारपर्यंत उडून जातं. पाणी दोन-तीन दिवसांआड पण चांगलं मुरेल असं, पहाटे द्यावं. दिल्यावर लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसून बघावा. अर्धा फूट सहज गेला तर पाणी पोचलं. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरतं, वाहून गटारात जायला लागलं की अर्धा तास बंद करून पुन्हा चालू करावं.

पोडियमवरची लॉन मात्र वेगळी. खाली स्लॅब, वर नऊ-दहा इंच माती, मुळं जाणार कुठे? तिथे 'खोल मुळं' हा माझाही सल्ला लंगडा पडतो आणि पाण्याची पाळी जवळ आणावी लागते. पण म्हणूनच तिथे जास्त युरिया आणखी लवकर महागात पडतो.

'तळापासून कापा.' नको. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नये आणि उन्हाळ्यात कापणी यंत्राचं पातं वर चढवून गवत दोन इंचांपर्यंत राहू द्यावं. वर पान ठेवलं तरच खाली मूळ राहतं, आणि उघडी माती तापते ती वेगळीच. कापलेलं गवत गोळा करून फेकण्याऐवजी तिथेच पडू दिलं तर लॉनच्या वर्षाच्या नत्रातला चौथा हिस्सा परत मिळू शकतो. क्रिकेटच्या मैदानाशी बरोबरी करू नये, तिथे माणसं दिवसभर त्याच कामाला असतात.

'पिवळी राहिली म्हणजे मेली.' हे वाचून माळीकाका हसले. ते मूळचे बार्शीकडचे, शेती कोरडवाहू. म्हणाले, "ताई, हरळी मेली असती तर आमचा बाप सुखानं गेला असता." काळ्या रानातली हरळी काढायला माणसं उन्हाळाभर खणत, खालच्या कांड्या वेचून बांधावर वाळत टाकत, आणि पहिल्या पावसाला ती पुन्हा हजर. नर्सरीत 'सिलेक्शन वन' नावाने विकत मिळते ती हीच हरळी, गणपतीच्या दूर्वाही हीच. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन यांनी १९६० मध्ये दिलेली 'टिफवे' ही जात हरळीच्या आणि तिच्या आफ्रिकी चुलतबहिणीच्या संकरातून आली. पाणी तुटलं की हरळी वरचं पान वाळवते आणि खालच्या कांड्यांवर वाट बघते. एक जुडगा उपटून बुंध्याशी नखाने दाबा. पांढरट आणि टणक असेल तर जिवंत, तपकिरी आणि चुरा होत असेल तर गेली. झोपलेल्या लॉनला दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा इंच पाणी दिलं तर ती सहसा तग धरते. या झोपेत युरिया टाकणं म्हणजे उपाशी माणसाला उठवून कवायत करायला लावणं.

आणि कधीकधी लॉन पिवळी ठेवणं हेच बरोबर असतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. वाद मैदानांना लागणाऱ्या पाण्याचाच होता. १०,००० चौरस फुटांची लॉन हिरवी ठेवायला दिवसाला ४ मिलिमीटर पाणी धरलं तरी रोज ३,७०० लिटर होतात. मे महिन्यात ते टँकरचं असेल तर बिल ग्रुपवर टाका, लॉनचा फोटो नंतर.

आमच्याकडे यंदा ठरलंय ते असं. आता युरिया नाही. दोन चांगले पाऊस होऊन लॉन उठली की जूनअखेर १००० चौरस फुटांना अर्धा किलो युरिया, पानं कोरडी असताना, आणि लगेच पाणी. तितकाच पुन्हा सप्टेंबरच्या शेवटी, सोबत पोटॅश. ग्रुपवरच्या त्या काकांनी मेसेज वाचून परस्पर आणलेली युरियाची गोणी पंपरूममध्ये ठेवली आहे, आणि पंपरूमची किल्ली माळीकाकांकडे आहे.