१२ मीटरच्या काइटबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. मार्चमध्ये आमच्या गोव्यातल्या मोरजीच्या दुकानातून तुम्ही काइटसर्फिंगचा, म्हणजे वाऱ्यावर उडणाऱ्या मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवरून पाण्यावर सरकायच्या खेळाचा, वापरलेला १२ मीटरचा (म्हणजे १२ चौरस मीटर कापडाचा) काइट घेतलात. जुलैत रामेश्वरमला त्याने तुम्हाला वाळूवरून फरफटत नेलं, हात आणि गुडघा सोलवटला. तुम्ही ९ मीटरचा मागत होतात, आम्ही मोठा गळ्यात मारला. काइट जुना निघाला, हवा गळते, आणि फोन केल्यावर आमच्याकडून परत घ्यायला नकार मिळाला.

हात आता कसा आहे? तुम्ही गुडघ्याबद्दल जास्त लिहिलंय, पण पडताना हातावर भार आला असेल तर मनगट एकदा डॉक्टरांना दाखवाच.

आमचं चुकलं ते आधी. त्या दिवशी काउंटरवर मी स्वतः होतो. तुमचं वजन विचारलं, किती तास शिकलात ते विचारलं, पण काइट उडवणार कुठे हे विचारलंच नाही. मोरजीत शिकलात म्हणजे मोरजीतच उडवणार असं धरून चाललो. पाऊस लागला की आमचा समुद्र खवळतो, किनारा बंद होतो, आणि ज्याला या खेळाची चटक लागलीय तो रामेश्वरमची वाट धरतो. हे मला पक्कं माहीत आहे. पुण्याहून आलेल्या माणसाला पावसाळ्याचं विचारणं माझं काम होतं. मी ते केलं नाही, आणि त्याची किंमत तुम्ही मोजलीत. मला याचं फार वाईट वाटतं.

पण ९ मीटरचा दिला नाही तो महागडा काइट खपवायला नाही. इथे फेब्रुवारी ते मे दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि उन्हं उतरली की पडतो. बऱ्याच दिवशी तो ११ ते १४ नॉट्सच (साधारण ताशी २० ते २६ किलोमीटर) असतो. तेवढ्या वाऱ्यात ६८ किलोच्या नवशिक्याला ९ मीटरचा काइट बोर्डवर उभंच करत नाही. माणूस पाण्यात बसून काइट वरखाली फिरवत राहतो आणि वाहत वाहत शापोरा नदीच्या मुखाकडे जातो. मग बोर्ड काखेत घेऊन चालत परत. असे चार दिवस गेले की लोक म्हणतात, हे आपल्याला जमणारं नाही, आणि खेळ सोडतात. दोष काइटच्या मापाचा असतो, तो ते स्वतःवर घेतात. म्हणून अभिप्रायाच्या शेवटी तुम्ही इतर नवशिक्यांना जो सल्ला दिलात, की सरळ ९ मीटरचा घ्या, सगळीकडे चालतो, तो मला पटत नाही. तो वाचून कुणी मोरजीसाठी ९ घेतला तर पैसे वाया जातील.

रामेश्वरमला उलटं आहे. जुलैत तिथे नैऋत्येचा वारा दिवसभर असतो. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे त्या दिवशी २२ नॉट्स होता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की काइटवरचा जोर चौपट होतो. म्हणजे १२ नॉट्सला तुम्हाला जो काइट अलगद उचलायचा, त्यालाच २२ नॉट्सला तिपटीहून जास्त जोर होता. त्या वाऱ्यात तुमच्या वजनाच्या नवशिक्याने ८ मीटरचा उडवावा, फार तर ९. १२ मीटरचा बॅगेतून बाहेरही काढायचा नाही. किनाऱ्यावर इतर लोक काय उडवताहेत ते पाहायचं आणि त्यांचं वजन विचारायचं. आपल्याएवढ्या वजनाचे लोक ८-९ घेऊन पाण्यात असतील तर आपण १२ला पंप लावायचा नाही. हे मी तुम्हाला मार्चमध्येच सांगायला हवं होतं.

तुमच्या अभिप्रायातल्या एका वाक्याने मला झोप लागली नाही. "मी बार घट्ट धरून ठेवला तरी काइट थांबेना." सर, बार (काइट हाकायचा हातातला दांडा) धरल्यामुळेच तो थांबला नाही. घाबरलं की माणूस हातात असेल ते छातीशी ओढतो, आणि बार जवळ ओढला की काइटला आणखी जोर मिळतो. बार सोडायचा. दोन्ही हात पूर्ण सोडायचे. तुम्ही हार्नेसने (कमरेच्या पट्ट्याने) जोडलेले असता, त्यामुळे काइट उडून जात नाही, बार वर सरकतो आणि बराचसा जोर उतरतो. तेवढ्याने भागलं नाही तर क्विक रिलीज (काइटचा जोर झटकन तोडायचा खटका) पुढे ढकलायचं, मग काइट एकाच लाईनवर लोंबकळतो. तरीही ओढत असेल तर शेवटी लीश (काइटशी जोडणारी शेवटची दोरी) सोडायची आणि काइट जाऊ द्यायचा. काइट दुसरा मिळतो. हे शिकवण्यात तोंडी सांगून झालेलं असतं, पण हाताला सवय लागायला दर वेळी पाण्यात जाण्याआधी किनाऱ्यावर एकदा रिलीज ढकलून पाहावं लागतं. आणखी दोन तास शिकवणी घ्या असं मी म्हटलं ते तुम्हाला पैसे काढणं वाटलं. ते मी याचसाठी म्हटलं होतं, आता ते दोन तास मी फुकट देतो, पण याच.

तुमच्या मित्राने सी आकाराचा (इंग्रजी C सारखा खोल वळलेला) काइट सुचवला होता, तो दिला नाही याबद्दल मात्र मी ठाम आहे. उड्या मारणाऱ्यांना तो आवडतो, पण बार सोडल्यावर त्याचा जोर पुरेसा उतरत नाही आणि पाण्यात पडला की नवशिक्याला तो उठवता येत नाही. फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये हवा भरायच्या काइटचं पेटंट घेतलं तेच मुळात पाण्यात पडलेला काइट पुन्हा उडवता यावा म्हणून. पहिल्या वर्षी तुम्ही काइट पन्नास वेळा पाण्यात पाडणार, तेव्हा उठण्याचा गुण सगळ्यात आधी बघायचा. तुमचा डेल्टा आकाराचा (टोकं मागे झुकलेला) काइट त्यात चांगला आहे.

जुना म्हणाल, तर तो २०२१चं मॉडेल आहे आणि हे बिलावर लिहिलंय. वर्षापेक्षा ऊन किती खाल्लं ते महत्त्वाचं. कापड मुठीत चुरगळलं की नव्यासारखं करकरतं का, लीडिंग एजची (पुढच्या फुगवलेल्या कडेची) शिवण उसवलीय का, चारही लाईन्स एका खिळ्याला अडकवून ताणल्यावर सारख्या भरतात का, हे आपण दोघांनी मिळून पाहिलं होतं. ब्लॅडरचं (आतल्या हवेच्या फुग्याचं) मात्र तुमचं बरोबर आहे. आम्ही काइट फुगवून अर्धाच तास ठेवला. व्हॉल्व्हजवळची बारीक गळती एवढ्यात कळत नाही. आता वापरलेला प्रत्येक काइट रात्रभर फुगवून ठेवतो आणि सकाळी दाबून पाहतो.

सामान घेऊन लांब चालायला लावलं, हेही तुम्ही लिहिलंय. मोरजीच्या किनाऱ्याच्या एका भागात कासवांची घरटी असतात, तिथून काइट उडवायचा नाही. यापुढेही चालावं लागेल.

फोनवर तुम्हाला माल परत घेण्याचा सात दिवसांचा नियम सांगितला गेला. चूक आमची असताना तो नियम लावायला नको होता. तुमच्यापुढे दोन पर्याय ठेवतो. काइट परत द्या, पूर्ण रक्कम मिळेल. किंवा १२ मीटरचा मोरजीसाठी ठेवा, ब्लॅडर आम्ही बदलून देतो, आणि रामेश्वरमसाठी लागेल तेव्हा ८ मीटरचा आमच्याकडून भाड्याशिवाय घेऊन जा, या मोसमापुरता. तुमच्या जागी मी दुसरा पर्याय घेतला असता, पण या प्रसंगानंतर १२ नजरेसमोर नको वाटत असेल तर तेही मी समजू शकतो.

तुमचा नंबर बिलावर आहे, आज संध्याकाळी मी स्वतः फोन करतो. काइट पाठवाल तेव्हा बारही सोबत द्या. एवढी फरफट झाल्यावर लाईन्स ताणल्या गेल्या असतील, त्या मोजायला हव्यात.