आडनाव एक म्हणजे रक्त एक?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर पंधरा दिवस एकच मजकूर फिरतोय : ‘आडनाव एक, रक्त एक. घरातल्या एका पुरुषाने डीएनए चाचणी करावी. आडनावाचं मूळ गाव आणि राजवंश कळतो. आपला सगळा वंश उलगडतो.’ दादरच्या स्नेहसंमेलनात एका काकांनी स्वतःचा अहवालही सगळ्यांना दाखवला. काकांची तळमळ खरी आहे, म्हणून नीट उत्तर देतोय.

आडनाव एक, रक्त एक? वरळी कोळीवाड्यातले पाटील, अलिबागकडचे आगरी पाटील आणि जळगावचे लेवा पाटील एका मूळपुरुषाचे कसे असतील? पाटील, कुलकर्णी, देशमुख ही मुळात वतनं. गाव तिथे पाटील. गावावरून पडलेल्या आडनावांचंही तेच : एकाच गावातली वेगवेगळ्या जातींची चार घरं मुंबईत आली आणि चौघांनी तेच ‘कर’ लावलं. शिवाय दत्तक. राजर्षी शाहू जन्माने कागलचे घाटगे. १८८४ साली दत्तक जाऊन भोसले झाले. ही चाचणी बघते ते फक्त पुरुषांत असणारं वाय गुणसूत्र. ते जन्मदात्या बापाकडूनच येतं, दत्तकविधीने बदलतं ते आडनाव. इंग्लंडमध्ये आनुवंशिकीतज्ज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या पुरुषांची चाचणी केली, तेव्हा निम्म्याहून थोड्या कमी जणांचं वाय जुळलं. आणि तिथली आडनावं कित्येक शतकं जुनी!

आता मूळ गाव. काकांच्या अहवालावर ठळक अक्षरांत ‘आर१ए’ होतं, खाली युरोप-आशियाचा नकाशा आणि बाण. गावाचं नाव कुठेच नव्हतं, असणारही नाही. आर१ए हा वाय गुणसूत्राचा एक गट, हजारो वर्षांचा. पोलंडपासून बंगालपर्यंत सापडतो, आंध्रातल्या चेंचू आदिवासींतही सापडतो. त्यावरून राजवंश सांगणं म्हणजे पिनकोडचा पहिला ४ वाचून चाळीतली खोली सांगणं.

‘परदेशात आपला माणूस जुळला’ यानेही हुरळू नये. जुळणी होते ती चाचणी केलेल्यांतच. आणि वाय गुणसूत्रावरच्या १२ खुणा तर योगायोगानेही जुळतात. निदान ३७ तपासल्याशिवाय बोलू नये.

मग चाचणी फुकट का? मुळीच नाही. दोन गावांतली दोन घरं ‘आपण एकाच पणजोबांचे’ म्हणत असतील, तर दोन्हीकडच्या एकेका पुरुषाची चाचणी करा. ते खरं की खोटं याचा चांगला अंदाज येतो. पण कोणती दोन घरं, हे आधी कागदांनी सांगावं लागतं : जुने फेरफार, मोडी दस्त, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या. आमच्या भावकीत यातलं एकही काम पुरं झालेलं नाही, आणि चाचणीसाठी वर्गणी मात्र सुरू झाली.

आणि ‘सगळा वंश’? दहा पिढ्या मागे गेलं की त्या पायरीवर पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. वाय त्यातल्या एकाचंच सांगतं. सभागृहातल्या भिंतीवर आमची वंशावळ लावली होती, तीत एकही बाई नव्हती. पणजीचं माहेर कुठलं, असं मी तिथे विचारलं. काकांना ठाऊक नव्हतं, वडिलांनाही नाही. मागच्या रांगेतल्या आत्या म्हणाल्या, ‘‘संगमेश्वराच्या अलीकडचं गाव, नदीकाठी घर होतं. थांब, नाव आठवते.’’ जेवणं होईपर्यंत मी त्यांच्याशेजारी बसून राहिलो, आणि ताक पिताना त्यांना ते आठवलं.