एफएम२ च्या फोकसच्या गोलाबद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार. आमच्याकडून घेतलेल्या निकॉन एफएम२ या हाताने फोकस करायच्या फिल्म कॅमेऱ्याला तुम्ही रिव्ह्यूमध्ये एक स्टार दिलात. तक्रारी तीन: व्ह्यूफाइंडरच्या मधला फोकसचा गोल (ज्यातले दोन अर्धे जुळले की फोकस बरोबर) अर्धा काळा पडतो, अ‍ॅपर्चर रिंग (लेन्सचं भोक लहान-मोठं करणारी) फिरवली तरी व्ह्यूफाइंडरमध्ये फरक दिसत नाही, आणि भाचीच्या हळदीचे बरेच फोटो आउट आले. हळद पुन्हा लागत नाही, फोटो गेल्याचं दुःख मला कळतं. तरीही माझ्या मते कॅमेरा चांगला आहे, आणि तसं का म्हणतो ते सांगतो.

आधी रिंग. शटर दाबेपर्यंत ही लेन्स पूर्ण उघडीच असते, म्हणजे बघायला भरपूर उजेड मिळतो. तुम्ही रिंगवर लावलेला ८ किंवा ११ हा आकडा (आकडा मोठा तितकं भोक लहान) फोटो निघतानाच लागू होतो. लेन्सशेजारची प्रिव्ह्यूची छोटी दांडी दाबून धरा. चित्र अंधारलं, तर भोक लहान करणारी पाती नीट मिटताहेत.

काळा गोल झूमवरच दिसतो, असं तुम्हीच लिहिलंय. त्याचं कारण, झूमचं सगळ्यात मोठं भोक ५.६ चंच आहे. गोलातल्या प्रिझमला लेन्सच्या कडेकडून येणारा उजेड लागतो, तो ५.६ ला पुरत नाही. ५० एमएम १.८ लेन्स लावून डोळा मधोमध ठेवा, दोन्ही अर्धे उजळतील. झूमवर गोलाकडे बघूच नका, बाहेरच्या मॅट काचेवर फोकस करा.

आता फोटो. तुम्ही टाकलेले मी मोठे करून पाहिले. एकात चेहरा मऊ आहे, पण मागच्या तोरणातल्या झेंडूची पाकळी न् पाकळी मोजता येते. दुसऱ्यात पुढची हळदीची वाटी लख्ख आहे. कॅमेऱ्यातला आरसा किंवा स्क्रीन (फोकसची काच) सरकली असती, तर फोकस दर वेळी एकाच बाजूला चुकला असता. हे फोटो ५० एमएमचे, १.८ वर काढलेले. एक मीटरवरून १.८ ला पुढे-मागे मिळून जेमतेम ४ सेंटीमीटर खोली शार्प येते. डोळे धरले तर कान सुटतात, आणि हळद लावताना कोणी स्थिर बसत नाही. दोन मीटरवर सरकलात तर हीच खोली साधारण १७ सेंटीमीटर होते. उजेड असेल तर ४ वर या. गोलात जुळवायला उभी कड शोधा: गालाची, पदराच्या काठाची. आडव्या रेघेत तुटलेपण दिसतच नाही, तेव्हा कॅमेरा उभा धरा.

तरी शंका असेल, तर ५० एमएमची रिंग अनंतावर टेकवून लांबच्या मोबाइल टॉवरकडे बघा. दोन अर्धे जुळले नाहीत, तर दोष आमच्याकडचा. दुकानात आणा, पैसे न घेता जुळवून देऊ. जुळले तरी या, निगेटिव्ह घेऊन या. लाइटबॉक्सवर बसून एकेक फ्रेम तुमच्यासोबत बघायला मला आवडेल.

— दुकानमालक