निबंध तिचाच आहे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नामांकित विद्यापीठांचे अर्ज भरणाऱ्या मुलांना शिक्षकांनी कशी मदत करावी, यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुमचं म्हणणं असं : शिक्षकाने शिकवावं, अर्जांच्या भानगडीत पडू नये, सत्तरच्या वर्गातल्या चौघांना वेळ देणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे, फी परवडणार नाही अशा घरांतल्या मुलांना परदेशाची स्वप्नं दाखवू नयेत, आणि ऑक्सफर्डची तारीख मी चुकीची दिली. शेवटी अर्जासोबत द्यायच्या निबंधांबद्दल हे वाक्य : 'बाई, हे निबंध मुलांचे नसतात, तुमचेच असतात, हे न कळण्याइतके आम्ही दूधखुळे नाही.'

आधी तारीख. ती चूक माझीच. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे अर्ज १५ ऑक्टोबरला ब्रिटनच्या संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे आपल्या रात्री साडेदहापर्यंत जावे लागतात. मी 'ऑक्टोबरअखेर' लिहिलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ते वाक्य. मी मराठी शाळेत शिकले, तिथे शिक्षिकेला बाईच म्हणतात. अकरावीला मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिले काही महिने मलाही बाई म्हणतात आणि मला ते मनापासून आवडतं. तुमच्या वाक्यातलं 'बाई' तसं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. ओळख ना पाळख, एकही निबंध वाचलेला नाही, आणि तुम्ही मला खोटारडी आणि माझ्या मुलांना लबाड ठरवून मोकळे झालात. मतभेद असेल तर मी ऐकून घेते, पण हा मतभेद नाही.

निबंध कसा होतो ते सांगते. भांडुपची एक मुलगी संख्याशास्त्रासाठी ब्रिटनला अर्ज करत होती. तिथल्या विद्यापीठांचे अर्ज यूकॅस या एकाच संस्थेमार्फत जातात. २०२६च्या प्रवेशांपासून यूकॅसच्या अर्जात स्वतःबद्दलच्या सलग निवेदनाऐवजी, म्हणजे या निबंधाऐवजी, तीन प्रश्न आहेत : हाच विषय का, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केलंत. तिन्ही मिळून चार हजार अक्षरं, मोकळ्या जागा धरून. तिच्या पहिल्या खर्ड्याचं पहिलं वाक्य होतं, 'लहानपणापासून मला गणिताची आवड आहे.' मी विचारलं, कधी, कुठे, कशावरून? ती गप्प. मग म्हटलं, इंग्रजी राहू दे, मराठीत सांग.

आणि ती आईच्या भिशीबद्दल बोलायला लागली. चाळीतल्या बारा बायका, महिन्याला प्रत्येकी दोन हजार. जिला पैशांची घाई ती चोवीसऐवजी वीस हजारांवर समाधान मानते, उरलेले चार हजार बाकीच्यांत वाटले जातात. पहिल्या महिन्याला भिशी उचलणारीला हे नक्की किती टक्क्यांना पडतं आणि शेवटपर्यंत थांबणारीला किती सुटतं, हे या मुलीने दहावीच्या सुट्टीत वहीत मांडलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. हे लिहावं असं तिला वाटलंच नव्हतं, कारण आमच्या मुलांना वाटतं की घरातलं काही 'अभ्यासातलं' नसतं.

मी एवढंच म्हटलं, हे लिही. पाच खर्डे तिने केले. मी पेनाने फक्त रेघा मारल्या : इथे समजलं नाही, इथे खोटं वाटतं, इथे कुणाचं तरी ऐकून लिहिलंयस. वाक्य मी एकही दिलं नाही. यूकॅस प्रत्येक निवेदन आधीच्या निवेदनांशी ताडून पाहते, तेव्हा उसनं लिहिण्यात धोका आहेच, पण माझं कारण ते नाही. मुलाखतीत समोरचा प्राध्यापक त्याच भिशीचं गणित थोडं बदलून पुढे ठेवू शकतो. ज्याने स्वतः लिहिलं नाही तो तिथे दोन मिनिटांत उघडा पडतो.

माझ्या हाताने मी लिहिते ते शिफारसपत्र. ते शिक्षकानेच लिहायचं असतं, आणि तिथेच आपण सर्वांत जास्त कमी पडतो. 'प्रामाणिक, आज्ञाधारक, वक्तशीर' हे सत्तर जणांना लागू पडतं. यूकॅसच्या शिफारशीत शाळेबद्दल वेगळा भाग आहे, विद्यार्थ्याच्या अडचणींबद्दल वेगळा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, एका वर्गात सत्तर मुलं, घरात अभ्यासाला जागा नाही, हे सगळं तिथे लिहिता येतं आणि लिहायला हवं. म्हणून मी अकरावीपासून एक वही ठेवते : कोणी कोणता प्रश्न विचारला, कोणी फळ्यावरची माझी चूक दाखवली, तारखेसह.

का ठेवते? १९९० साली मी बारावी झाले. वडिलांची गिरणी १९८२च्या संपानंतर पुन्हा उघडलीच नव्हती. मुंबईबाहेर शिकायला जायचं म्हणून एका शिष्यवृत्तीला अर्ज केला, त्याला शिक्षकाचं पत्र हवं होतं. मला सायक्लोस्टाइल केलेला कागद मिळाला, नावाची जागा रिकामी, खाली सही. 'सदर विद्यार्थिनीची वर्तणूक चांगली आहे.' नाव मीच भरलं. उत्तर कधी आलं नाही. त्या कागदाने माझं काय गेलं ते मला माहीत आहे, तुम्ही मला पायरी दाखवू नका.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घेत नाही. या मुलांना मी देते ते शनिवारचे दोन तास कॉलेज सुटल्यावरचे आहेत, दार उघडं असतं, येईल त्याने यावं. तिथे सगळेच काही परदेशाची तयारी करत नाहीत. आयएसआयच्या, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या, बी.स्टॅट. या संख्याशास्त्राच्या पदवीच्या प्रवेशपरीक्षेचा दुसरा पेपर पूर्ण सिद्धता लिहायला लावतो. क्लासमध्ये चार पर्यायांतून उत्तर टिपायला शिकलेल्या मुलांचं पान तिथे कोरं राहतं, म्हणून आम्ही सिद्धता लिहितो, एकमेकांच्या तपासतो. फीचं म्हणाल तर परदेशच कशाला, कालिन्याच्या मुंबई विद्यापीठाच्या आवारातच मूलभूत विज्ञानाचं केंद्र आहे, नेस्ट या प्रवेशपरीक्षेतून तिथे पाच वर्षांच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. कुर्ल्याची मुलं त्या फाटकावरून रोज बसने जातात आणि बारावी संपेपर्यंत त्यांना ते कुणी सांगत नाही. हे मूळ लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलं नसावं.

तुमची मुलगी अकरावीला आहे असं तुम्ही लिहिलंत. तिला विचारा, तिच्या कॉलेजात तिचं नाव किती शिक्षकांना माहीत आहे.

भिशीचा निबंध त्या मुलीची परवानगी घेऊन पुढच्या आठवड्यात इथे देते, पाचही खर्ड्यांसह, माझ्या रेघांसकट. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही.