स्रोत ८-बिट असताना १०-बिट फाइल कशासाठी?

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, जमवणाऱ्या आणि एकमेकांना देणाऱ्या चाहत्यांमध्ये एक दावा गेली अनेक वर्षे पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा सारांश असा: साध्या ब्लू-रे डिस्कवरचे चित्र ८-बिट असते (म्हणजे उजेड व रंगाच्या प्रत्येक मापाला २५६ पातळ्या; १०-बिटमध्ये १०२४) आणि आपला पडदाही बहुधा ८-बिटच असतो, तेव्हा मधल्या मध्ये १०-बिट फाइल बनवणे म्हणजे नसलेली माहिती असल्याचे भासवणे होय. अशी फाइल विनाकारण फुगते, फोनवर व टीव्हीवर चालत नाही, आणि फ्लॅक या काहीही न गाळणाऱ्या ध्वनिप्रकाराप्रमाणेच हा सारा खटाटोप केवळ मिरवण्यासाठी असतो. या दाव्याची सुरुवात खऱ्या विधानांनी होते, म्हणून तो ऐकणाऱ्याला चटकन पटतो. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि ज्या हौशी मंडळींनी रात्री जागवून ही पद्धत पारखून घेतली, त्यांच्या कामावर तो अन्याय करणारा आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. एक्सव्हिड (चित्र संकुचित करण्याची जुनी पद्धत) आणि एव्हीआय (जुना फाइलप्रकार) यांचा काळ मागे पडल्यावर फॅनसब गट, म्हणजे स्वतः उपशीर्षके जोडून ॲनिमे वाटणारे चाहत्यांचे गट, एच.२६४ या पद्धतीने संकुचित केलेले चित्र आणि ते ध्वनीसह ठेवणारी मात्रोस्का पेटी, म्हणजे एमकेव्ही, यांवर स्थिरावले होते. २०१० च्या सुमारास एक्स२६४ या मुक्त एन्कोडरमध्ये, म्हणजे चित्र संकुचित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, १०-बिटची सोय आली आणि २०११ पासून अनेक गटांनी ती झपाट्याने स्वीकारली. एच.२६४ च्या या प्रकाराला ‘हाय१०पी’ म्हणतात. वाद तेव्हापासूनचा आहे.

पहिला आणि मुख्य आक्षेप असा की, स्रोतात ८ बिट असतील तर १० बिट येणार कोठून? हा प्रश्न विचारणारा माणूस एन्कोडरकडे निव्वळ साठवण करणारे यंत्र म्हणून पाहतो. वास्तविक एन्कोडर चित्रबिंदू जसेच्या तसे साठवत नाही. तो आधीच्या व पुढच्या चौकटींवरून (फ्रेमवरून) आणि शेजारच्या भागावरून आताच्या भागाचा अंदाज बांधतो, अंदाज आणि मूळ चित्र यांतील फरक काढतो, त्या फरकाचे रूपांतर करून त्यातला बारीक तपशील टाकून देतो आणि उरलेले लिहून ठेवतो. अंदाज ८-बिटमध्ये बांधला, तर प्रत्येक वेळी उत्तर जवळच्या पूर्ण आकड्यावर आणावे लागते, आणि ती चूक त्या चौकटीवर आधारलेल्या पुढच्या चौकटींमध्ये उतरत जाते. दुकानदाराने प्रत्येक नोंद रुपयात पूर्ण करून लिहिली तर महिनाअखेरीस हिशेब जुळत नाही. पैशांपर्यंत लिहून शेवटी एकदाच रुपयात आणला तर जुळतो. जास्तीचे दोन बिट हे असे मधल्या हिशेबासाठी आहेत. स्रोतात नसलेले काही त्यांतून निर्माण होते, असे जाणकाराने कधी म्हटलेले नाही.

याचा परिणाम नेमका कोठे दिसतो, हे एका दृश्यावर पाहू. ॲनिमेमध्ये रात्रीचे आकाश हमखास असते: वर गडद निळे, क्षितिजाकडे किंचित उजळ, मध्ये ढग नाही की तारा नाही. व्हिडिओमध्ये ८-बिट प्रकाशमानाची, म्हणजे उजेडाच्या मापाची, पातळी १६ ते २३५ असते. समजा, हे आकाश ३० पासून ५० पर्यंत उजळत जाते आणि १०८० ओळींचा पूर्ण पडदा व्यापते. म्हणजे एवढ्या उंचीत केवळ २० पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी सुमारे ५४ ओळींची. इतका रुंद पट्टा अंधाऱ्या खोलीत डोळ्याला स्पष्ट दिसतो. डिस्क तयार करणाऱ्यांना हे ठाऊक असते, म्हणून ते अशा जागी अतिशय बारीक कणी पेरतात; पायऱ्यांच्या कडा त्या कणीत विरघळतात आणि उतार सलग भासतो. डिस्कला हे परवडते, कारण ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला कमाल ४० मेगाबिटपर्यंत मुभा असते. चाहत्यांच्या फाइलीत त्याचा लहानसा हिस्साच वापरायचा असतो. मग एन्कोडर सर्वांत आधी काय टाकतो? तीच कणी, कारण ती क्षीण असते, अनियमित असते आणि तिचा अंदाज बांधता येत नाही. कणी गेली की खालच्या २० पायऱ्या उघड्या पडतात. १०-बिटमध्ये तेवढ्याच उतारावर ८० पायऱ्या मिळतात, प्रत्येक साडेतेरा ओळींची, आणि दोन पायऱ्यांतला फरक पूर्वीच्या चौथ्या हिश्शाइतका. तो उतार कणीच्या आधाराशिवायही टिकतो, आणि कणी ठेवायची झाली तरी ती कमी खर्चात ठेवता येते.

प्रत्यक्ष चित्रित केलेल्या चित्रपटात कापडाचा पोत, पाने, फिल्मचा दाणा असे पुष्कळ काही असते, ज्याच्या आड हे पट्टे लपतात. ॲनिमेत सपाट रंग, ठसठशीत रेषा आणि मोकळे उतार असतात, लपायला जागा नसते. म्हणून या युक्तीची गरज इतर चित्रपटप्रेमींच्या आधी ॲनिमेवाल्यांना जाणवली, याचे आश्चर्य वाटू नये.

यात आणखी एक गोष्ट दाव्यात पूर्णपणे सुटली आहे. पुष्कळदा डिस्कवरच पट्टे असतात, आणि ते घालवण्यासाठी एन्कोड करणारा आधी एफ३केडीबीसारखा फिल्टर लावतो. हे गणित १६-बिटमध्ये करता येते. फिल्टरमधून बाहेर पडणारे चित्र त्या वेळी ८-बिट उरलेलेच नसते, आणि ते पुन्हा ८-बिटमध्ये कोंबले तर केलेल्या कामाचा मोठा भाग वाया जातो.

दुसरा आक्षेप पडद्याचा. पडदा ८-बिट आहे, हे पुष्कळांच्या बाबतीत खरे आहे. पण फाइलीतले चित्र लाल-हिरवा-निळा या रूपात नसते. ते प्रकाशमान आणि रंगमान या रूपात असते आणि दाखवताना त्याचे रूपांतर होते. हे रूपांतर एकास एक जुळत नाही: ८-बिट प्रकाशमान-रंगमानातून ८-बिट पडद्यावरचे सगळे रंग मिळतच नाहीत. शिवाय एमपीव्हीसारखे प्लेअर किंवा प्लेअरला जोडले जाणारे मॅडव्हीआरसारखे रेंडरर १०-बिट उतार ८-बिट पडद्यावर आणताना स्वतः ताजी कणी मिसळतात, म्हणजेच डिदरिंग करतात. जी कणी फाइलीत जपणे महाग पडत होते, ती आता फुकट आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर मिळते. आपल्या प्लेअरमध्ये हे डिदरिंग चालू आहे ना, एवढे मात्र पाहून घ्यावे.

आकाराचा आक्षेप चटकन निकाली निघतो. संकुचित न केलेले १०-बिट चित्र ८-बिटपेक्षा २५ टक्के मोठे असते, पण संकुचित फाइलीचा आकार ठरतो तो सेकंदाला किती बिट खर्च करायचे, यावर. एक्स२६४ मध्ये सीआरएफ या दर्जा ठरवणाऱ्या आकड्याचे माप बिट-डेप्थनुसार (८ बिट की १० बिट यानुसार) जुळवून घेतलेले असल्याने त्याच सीआरएफला दोन्ही फाइली साधारण जवळपास येतात, आणि ८-बिटमध्ये पट्टे टाळण्यासाठी जास्तीचे बिट ओतावे लागतात ते येथे वाचतात. किंमत मोजावी लागते ती वेळेची: एन्कोडिंग संथ होते आणि फाइल चालवताना प्रोसेसरवर भार वाढतो.

फोन आणि टीव्हीबद्दलची तक्रार मात्र हाय१०पीपुरती खरी आहे, आणि ती झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. एच.२६४ चे बहुतेक हार्डवेअर डीकोडर, म्हणजे यंत्रातच बसवलेले फाइल उलगडणारे भाग, ८-बिटसाठीच बनत आले. २०११ मध्ये जुन्या डीकोडरवर अशी फाइल उघडली की हिरव्या-गुलाबी ठिगळांचे चित्र दिसे, आणि जुने संगणक अडखळत. ज्या गटांनी ८-बिटची दुसरी आवृत्ती देणेच बंद केले, त्यांनी साधे यंत्र असलेल्या प्रेक्षकाचा विचार केला नाही. परंतु त्या अडचणीचे खापर १० बिटांवर फोडता येत नाही. २०१३ मध्ये मंजूर झालेल्या एचईव्हीसी या एच.२६४ नंतरच्या पद्धतीमध्ये ‘मेन १०’ हा प्रकार पहिल्यापासून होता, आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या) चित्रासाठी तो लागत असल्याने टीव्ही व फोन बनवणाऱ्यांनी तो हार्डवेअरमध्ये घेतला. २०१८ मध्ये आलेल्या एव्ही१ या आणखी नव्या पद्धतीच्या मूळ प्रकारातच १०-बिट समाविष्ट आहे. आजच्या बहुतेक फोनवर १०-बिट एचईव्हीसी विनासायास चालते.

राहिला फ्लॅक, आणि येथे दावा करणाऱ्यांशी मी काही अंशी सहमत आहे. जपानमधील टीव्ही प्रक्षेपणाचा ध्वनी मुळात एएसी, म्हणजे तपशील गाळून संकुचित केलेला, असतो. तो फ्लॅकमध्ये बदलल्याने गेलेले परत येत नाही, फाइल तेवढी वाढते. तो एएसी आहे तसाच ठेवावा. ऐकण्यासाठी २४-बिट फ्लॅकचीही गरज नाही, कारण १६-बिटचा सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला घरात ऐकायला पुरून उरतो. २४ मिनिटांच्या भागाला १९२ किलोबिटचा एएसी सुमारे ३५ मेगाबाइट घेतो, तर असंकुचित १६-बिट स्टीरिओ ध्वनी सुमारे २७६ मेगाबाइट. फ्लॅक तो बराच कमी करतो, पण एएसीइतका नव्हे. तथापि १०-बिट चित्राची फ्लॅकशी सांगड घालणेच गैर आहे. फ्लॅक काहीही टाकत नाही, म्हणून त्याला स्रोतापेक्षा जास्त बिट देऊन काही साधत नाही. चित्राच्या एन्कोडरला तपशील टाकावाच लागतो, आणि जास्तीच्या बिटांचा उपयोग त्या टाकण्यातच आहे.

जुन्या हाय१०पी फाइली फोनवर अडखळतात म्हणून त्या ८-बिटमध्ये पुन्हा एन्कोड करण्याचा सल्लाही या दाव्याला जोडून दिला जातो. तो पाळू नये. आधीच एकदा तपशील गाळलेल्या चित्रातून पुन्हा तपशील गाळला जातो, आणि ज्या आकाशासाठी एवढे कष्ट घेतले त्यावर नेमके पट्टे उमटतात. व्हीएलसी किंवा एमपीव्ही यांसारख्या प्लेअरमध्ये सॉफ्टवेअर डीकोडिंग निवडले, तर आजच्या फोनचा प्रोसेसर अशी फाइल सहसा पेलतो. बॅटरी थोडी अधिक खर्च होते. हार्डवेअर डीकोडिंगच हवे असेल आणि डिस्क आपल्याजवळ असेल, तर त्या डिस्कवरूनच थेट १०-बिट एचईव्हीसी बनवावे.