भरतीचं प्लगइन आणि भाऊबंदकी

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते, हे किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. हा हिशेब मी वर्डप्रेसच्या, म्हणजे वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या, एका छोट्या प्लगइनमध्ये (जोडायच्या पुरवणीत) बसवला, मालवणातल्या ओळखीच्या होमस्टेवाल्यांच्या साइटवर लावून दिला आणि कुणीही वापरा, बदला म्हणणारं जीपीएल लायसन्स देऊन जगासाठी मोकळा केला. जग काही धावत आलं नाही. नातेवाईक आले.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही, लिहिलं ते लिनक्स कर्नलसाठी असं म्हणतात, पण मला तरी ते कोकणातल्या पावसाळ्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. वीज जाऊदे, टॉवर मरूदे, बॅटरी आहे तोवर कमिट करत, म्हणजे बदल नोंदवत, बसा. सगळा इतिहास आपल्याच लॅपटॉपात. घोडं पेंड खातं ते पुढे. वर्डप्रेसची प्लगइन डिरेक्टरी चालते सबव्हर्जन नावाच्या दुसऱ्याच नोंदवहीवर, आणि तिथे प्रत्येक कमिट थेट सर्व्हरला पोचावा लागतो. आमच्याकडे रेंज फक्त पडवीत, तीही कोपऱ्यातल्या वाशाला फोन टांगला तर. पागोळ्यांचे शिंतोडे चुकवत कमांड मारायची, ती अर्ध्यात तुटते, पुन्हा मारावी तर उत्तर येतं की वर्किंग कॉपी, म्हणजे लॅपटॉपातली प्रत, लॉक आहे. मग ते कुलूप काढायला क्लीनअप. एवढं करून रीडमी फाइलीतला स्टेबल टॅग, म्हणजे लोकांना कुठली आवृत्ती द्यायची ते सांगणारी ओळ, जुनाच असेल, तर नवी आवृत्ती कुणाला दिसतच नाही.

हे परवडलं. चुलतभाऊ परवडला नाही.

तो पुण्यात आयटीत असतो. गणपतीला आला आणि आरतीनंतर त्याने पुल रिक्वेस्ट पाठवली, म्हणजे माझे बदल तुझ्या कोडमध्ये घे अशी विनंती. उघडून बघतो तर अख्खी फाइल लाल-हिरवी, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओळ बदललेली. याने केलं काय होतं? सगळे टॅब काढून स्पेस घातल्या होत्या. वर्डप्रेसचे नियम स्वच्छ सांगतात, टॅब वापरा. पण खरी मेख वेगळीच. ती मर्ज केली असती तर गिट ब्लेममध्ये, म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली त्या यादीत, माझ्या जवळजवळ प्रत्येक ओळीसमोर त्याचं नाव लागलं असतं. कोकणात सातबाऱ्यावर नाव चढतं ते असंच, गुपचूप. फरक एवढाच की ब्लेमला डॅश डब्ल्यू हा पर्याय दिला की नुसत्या मोकळ्या जागेतले फेरफार वगळता येतात. तलाठ्याकडे ही सोय नाही.

मी नकार दिला. तो म्हणाला, "ठीक आहे, मी फोर्क करतो." आता फोर्क, म्हणजे कोडची स्वतःची वेगळी प्रत काढणं, ही जगातली सर्वांत सोपी वाटणी. मोजणी नाही, कोर्ट नाही, दोघांनाही अख्खी मिळकत, वर मूळ मालकाचं काडीचं नुकसान नाही. तरीही हा नैवेद्याच्या पानावर माझ्याशी बोलेना.

पंचाईत झाली होमस्टेवाल्या तात्यांची. दोघेही घरचेच, कुणाला दुखवायचं? त्यांनी दोन्ही प्लगइन्स टाकली. भावाने फोर्कमध्ये प्लगइनचं नाव तेवढं बदललेलं, आतली फंक्शन्स माझीच. एकाच नावाचं फंक्शन पीएचपी, म्हणजे वर्डप्रेसची भाषा, दोनदा मांडू देत नाही, त्यामुळे दुसरं चालू करायला गेलं की फेटल एरर. मी फोनवर हे सगळं नीट समजावून सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेल्यांनो, तुमचो झगडो तुमच्या घरात मिटवा. माझ्या साइटवर कित्याक?"